साखरपुड्यासाठी गोल हिऱ्याची अंगठी: आधी चमक बघा, मग वजन

गेल्या दिवाळीत भाची आणि तिचा होणारा नवरा घरी आले ते दोन हिऱ्यांची कागदपत्रं घेऊनच. साखरपुडा दीड महिन्यावर आला होता. एक हिरा ०.५० कॅरटचा, रंग जी, स्वच्छता (म्हणजे आतले दोष किती कमी त्याची श्रेणी) व्हीव्हीएस२. दुसरा ०.४७ कॅरटचा, रंग आय, स्वच्छता व्हीएस२ आणि किमतीला बराच कमी. दोघांचा कल पहिल्याकडे होता. "मावशी, अर्धा कॅरट पुरता भरतोय, रंगही वरचा आहे. मग हाच ना?"

मी मुंबईत बारा वर्षं हिऱ्यांच्या प्रतवारीचं काम केलं. त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक साखरपुड्याआधी हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी त्यांना कागदावरच्या दोनच ओळी वाचायला सांगितल्या. पहिल्या हिऱ्याचा व्यास ४.९८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५.०० मिलिमीटर. 'कट' या शब्दापुढे पहिल्याला 'गुड', दुसऱ्याला 'एक्सलंट'. वजनाने हलका असलेला हिरा बोटावर पहिल्याएवढाच दिसणार होता आणि चमकणार होता त्याच्याहून कितीतरी जास्त. पहिल्याचं जास्तीचं वजन पोटात, खालच्या बाजूला दडलेलं होतं. ते कुणाला कधी दिसणार नव्हतं, पैसे मात्र त्याचे पुरेपूर मोजावे लागणार होते.

पहिल्यांदाच हिरा घेणाऱ्या जोडप्यांना मी ज्या क्रमाने सांगते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

१. तारीख, बजेट आणि 'कॅरट' हा शब्द

कॅरट हा एकच शब्द दुकानात दोन अर्थांनी वापरतात. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. "तीस सेंटचा हिरा" म्हणजे ०.३० कॅरट. "अठरा कॅरटमध्ये तीस सेंट" हे वाक्य कळलं की काउंटरवरचं अर्धं बोलणं कळतं.

बजेट ठरवताना हिरा, सोनं, घडणावळ आणि जीएसटी असे चार आकडे एकत्र धरा. नुसत्या हिऱ्याच्या किमतीवर ठरवलंत तर बिल होताना ओढाताण होते. हातात किमान एक महिना ठेवा. सुटा हिरा निवडून तो अंगठीत बसवून घ्यायचा तर दहा-पंधरा दिवस लागतात आणि लग्नसराईत त्याहून जास्त. माप चुकलं तर आणखी एक फेरी होते.

तीस सेंटच्या वरचा हिरा घेणार असाल तर माझा आग्रह आहे की आधी सुटा हिरा निवडा, कोंदण नंतर ठरवा. बसवलेल्या हिऱ्याची बरीचशी कंबर आणि पोट धातूने झाकलेलं असतं. त्याचं नेमकं वजन, रंग, कडेची चीर हे सगळं अंदाजाने सांगावं लागतं.

आणि एक घरगुती गोष्ट. आपल्याकडे 'हिरा लाभतो की नाही' हा विषय बऱ्याच घरांत निघतो. तुमचा विश्वास असो वा नसो, हा विषय बयाणा देण्यापूर्वी दोन्हीकडच्या मोठ्यांशी बोलून घ्या. अंगठी तयार झाल्यावर निघालेला हा प्रश्न फार त्रास देतो. मी असे दोन प्रसंग जवळून पाहिले आहेत.

२. खाणीतला की लॅबग्रोन

हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं गणित यावर बदलतं. लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा, हा अमेरिकन डायमंड नव्हे. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, तो वेगळाच पदार्थ आहे. लॅबग्रोन मात्र कार्बनचाच आणि त्याच रचनेचा हिरा असतो. प्रचंड दाब आणि उष्णतेखाली केलेला तो एचपीएचटी, वायूतून थरावर थर चढवत वाढवलेला तो सीव्हीडी. आपल्या शेजारी सुरतेत सीव्हीडीचं मोठं उत्पादन होतं. नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने दोघांतला फरक मलाही सांगता येत नाही. दुकानात हिऱ्याला टेकवतात ते पेनसारखं उष्णतेचं यंत्र दोघांनाही 'हिरा'च म्हणतं. खात्रीने वेगळं करायला प्रयोगशाळेतली उपकरणं लागतात.

किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक आहे आणि गेल्या काही वर्षांत लॅबग्रोनचे भाव सतत उतरले आहेत. त्याच पैशात मोठा, देखणा हिरा हवा असेल आणि पुढे विकायचा किंवा मोडायचा विचार नसेल, तर लॅबग्रोन घेण्यात काहीच कमीपणा नाही. 'उद्या अडीअडचणीला उपयोगी पडेल' असं मनात असेल तर लॅबग्रोन घेऊ नका. खरं तर त्यासाठी खाणीतला हिराही घेऊ नका, त्या कामाला सोनंच बरं. काही झालं तरी बिलावर 'नैसर्गिक' की 'लॅबग्रोन' हा शब्द स्पष्ट लिहिलेला हवा.

३. कट: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

कट म्हणजे आकार नव्हे. गोल, चौकोनी, बदामी हे आकार झाले. कट म्हणजे त्या आकाराचे कोन आणि प्रमाण किती नेमकं साधलंय ते. रंग आणि स्वच्छता बहुतांशी खडाच सोबत घेऊन येतो. कट तेवढा माणसाच्या हातचा असतो.

गोल हिऱ्याला एकूण ५७ पैलू असतात, तळाच्या टोकाला छोटा सपाट पैलू दिला असेल तर ५८. वरचा मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल, त्याभोवतीचा उतार म्हणजे क्राउन, मधली कंबर म्हणजे गर्डल आणि खाली निमुळता होत जाणारा भाग म्हणजे पॅव्हिलियन. उजेड वरून आत शिरतो, पॅव्हिलियनच्या एका भिंतीवर आपटतो, तिथून समोरच्या भिंतीवर आणि तिथून परत वर, आपल्या डोळ्यांत येतो. हिऱ्यात उजेड फार जोराने वळतो, त्यामुळे भिंतीवर तो पुरेसा तिरका पडला की बाहेर निसटू शकत नाही, आतच परावर्तित होतो. ही मर्यादा हिऱ्यासाठी सुमारे २४.४ अंशांची आहे. खालच्या भिंतींचा कोन बिघडला की उजेड ही मर्यादा चुकवून तळातून निघून जातो. मग मधोमध काळा डाग दिसतो किंवा सगळा हिराच मेल्यासारखा, काचेच्या तुकड्यासारखा दिसतो.

पॅव्हिलियन फार खोल असेल तर मध्य काळवंडतो, खिळ्याच्या डोक्यासारखा दिसतो. फार उथळ असेल तर टेबलाच्या आत कडेने राखाडी वर्तुळ दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. ही दोन चित्रं लक्षात ठेवा. दुकानात ती साध्या डोळ्यांनी ओळखता येतात.

या कोनांचं गणित १९१९ साली मार्सेल तोल्कोव्स्की या हिऱ्यांच्या धंद्यातल्या घराण्यातल्या तरुण अभियंत्याने मांडलं: टेबल व्यासाच्या ५३ टक्के, क्राउनचा कोन ३४.५ अंश, पॅव्हिलियनचा ४०.७५ अंश. आजचे हिरे हुबेहूब त्याच आकड्यांचे नसतात, पण त्यांच्या आसपासच फिरतात. मी भाचीला वहीत लिहून दिलेले आकडे असे होते: टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली, म्हणजे वरपासून तळापर्यंतची उंची, व्यासाच्या ६० ते ६२.५ टक्के, क्राउन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१ अंश. गर्डल 'थिन' ते 'स्लाइटली थिक'. फार पातळ गर्डल टवका उडायला निमित्त ठरतं आणि फार जाड गर्डल उगाच वजन खातं. यात बसणारा प्रत्येक हिरा अप्रतिम असेलच असं नाही, पण यातून निवडलंत तर वाईट हिरा पदरात पडायची शक्यता फार कमी राहते.

मग सगळेच कारखानदार असे कोन का देत नाहीत? कारण कच्चा खडा वजनावर विकत घेतलेला असतो. जगातल्या दहांपैकी साधारण नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. तिथे घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर बसलेला रत्नकलाकार उत्तम कोन देऊ शकतो, त्याच्या हातात कसब आहे. पण उत्तम कोनासाठी खडा जास्त घासावा लागतो आणि वजन उतरतं. ०.४७ भरणारा खडा थोडा पोटाळ ठेवला तर ०.५० भरतो आणि '५०' या आकड्याला बाजारात वेगळा भाव मिळतो. भाचीने आणलेला पहिला हिरा असाच घडला होता. त्याची खोली ६४.५ टक्के होती.

जीआयए ही अमेरिकी संस्था २००६ पासून गोल हिऱ्याच्या कटाला श्रेणी देते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. सोबत पॉलिश आणि सिमेट्री, म्हणजे पैलूंची सफाई आणि प्रमाणबद्धता, यांच्याही श्रेणी असतात. तिन्ही एक्सलंट असले की बाजारात त्याला 'ट्रिपल एक्स' म्हणतात. आयजीआय या तशाच दुसऱ्या संस्थेच्या कागदावर एक्सलंटच्याही वर 'आयडियल' असतं. गोल हिऱ्यात माझी अट एकच असते: कट एक्सलंटच्या खाली नको. पॉलिश किंवा सिमेट्री एखादी पायरी खाली, व्हेरी गुड असली तर डोळ्यांना कळत नाही, तिथे पैसे वाचवता येतात. पैसे कमी पडत असतील तर वजन कमी करा, रंग खाली आणा, स्वच्छता खाली आणा. कट तेवढा जागेवर ठेवा.

४. वजन: बोटावर व्यास दिसतो

चांगल्या कटाच्या गोल हिऱ्याचा साधारण व्यास असा असतो: ०.३० कॅरटला ४.३ मिलिमीटर, ०.५० ला ५.१, ०.७० ला ५.७ आणि १ कॅरटला ६.५. वजन दुप्पट झालं म्हणून हिरा दुप्पट मोठा दिसत नाही. अर्ध्या कॅरटवरून एक कॅरटवर गेलात तर व्यास जेमतेम सव्वापट होतो, किंमत मात्र दुपटीच्या कितीतरी पुढे जाते.

भावाच्या पायऱ्या ०.३०, ०.४०, ०.५०, ०.७०, ०.९० आणि १.०० या वजनांवर असतात. म्हणून पायरीच्या जरा अलीकडचा हिरा शोधायला सांगा: ०.४७, ०.६८, ०.८८. असे हिरे थोडे कमी मिळतात, कारण खडा पायरीपर्यंत पोचवण्याकडेच कारखान्याचा कल असतो. सराफाला आधी सांगून ठेवलं तर तो मागवून देतो. आणि मिळाला की तो बहुधा चांगल्या कटाचा निघतो, कारण वजन ताणून पायरी गाठण्याऐवजी कुणीतरी कोन नीट द्यायचं ठरवलेलं असतं.

५. रंग

श्रेणी डी पासून झेड पर्यंत. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी ते जे म्हणजे जवळजवळ रंगहीन. पुढे पिवळसर झाक वाढत जाते. आम्ही रंग पाहायचो तेव्हा हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवायचो, शेजारी नमुन्याचे हिरे असायचे आणि दिवाही ठरावीक असायचा. एवढं करूनही जी की एच यावर दोघांचं कधी कधी जमत नसे. अंगठीत सुलट बसवलेल्या, चमकणाऱ्या हिऱ्यात तो फरक तुम्हाला कसा दिसणार?

पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर आय किंवा जे निर्धास्त घ्या. सोन्याची पिवळी छटा हिऱ्यात उतरतेच, तिथे डी घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. प्लॅटिनम किंवा व्हाइट गोल्डमध्ये जी-एच पर्यंत राहा. बाजूला बारीक हिऱ्यांची ओळ असेल तर एक काळजी घ्या. दुकानात बारीक हिरे गटागटाने येतात, 'ईएफ-व्हीव्हीएस' किंवा 'जीएच-व्हीएस' असे. मधला जे आणि भोवती ईएफ असं झालं तर मधला बिचारा उगाच पिवळा वाटतो.

६. स्वच्छता

एकूण अकरा श्रेणी आहेत, सर्वांत स्वच्छपासून खाली उतरत: एफएल, आयएफ, व्हीव्हीएस१, व्हीव्हीएस२, व्हीएस१, व्हीएस२, एसआय१, एसआय२ आणि शेवटी आय१ ते आय३. या सगळ्या दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतात. नुसत्या डोळ्यांनी व्हीएस२ मध्ये सहसा काही दिसत नाही. गोल हिरा इतका लखलखतो की आतला बारीक दोष त्या झगमगाटात हरवून जातो. म्हणून गोल हिऱ्यात व्हीएस२ पुरे, आणि नीट पाहून घेतलात तर एसआय१ ही पुरे.

'नीट पाहून' म्हणजे कसं? दोष कुठे आहे ते बघा. टेबलाच्या मधोमध काळा ठिपका असेल तर सोडून द्या, तो एकदा दिसला की रोज दिसत राहतो. कडेला असेल तर प्रॉंगखाली, म्हणजे हिरा धरणाऱ्या धातूच्या पकडीखाली झाकता येतो. पण कडेला असलेली चीर गर्डलपर्यंत पोचत असेल तर तोही हिरा नको, तिथे धक्का बसला तर टवका उडतो. हिरा सर्वांत कठीण आहे म्हणून तो फुटत नाही असं अजिबात नाही. ओरखडा पडणं वेगळं आणि ठोकर लागून तुटणं वेगळं. एसआय२ मध्ये कधी कधी सगळीकडे पसरलेलं धुकं असतं. त्यात ठिपका दिसत नाही, पण हिरा कायम पुसायचा राहिल्यासारखा वाटतो. तो घेऊ नका.

कागदावर 'फ्लुरोसन्स' अशीही एक ओळ असते. अतिनील किरणांत हिरा निळसर उजळतो का, ते ती सांगते. 'नन' किंवा 'फेंट' असेल तर विचार करायचं कारण नाही. 'स्ट्राँग' असेल तर हिरा उन्हात नेऊन बघा. दुधाळ दिसला तर नको. दिसला नाही तर आय-जे रंगाचा असा हिरा थोडा स्वस्तात मिळू शकतो.

७. प्रमाणपत्र

जीआयए आणि आयजीआय या दोन संस्थांचे अहवाल आपल्याकडे सर्वाधिक चालतात. दोघींच्याही प्रयोगशाळा मुंबईत आहेत. माझ्या अनुभवात खाणीतल्या हिऱ्यासाठी जीआयए अधिक काटेकोर, म्हणून मोठ्या खरेदीत मी तिचाच आग्रह धरते. लॅबग्रोनला बहुतेक ठिकाणी आयजीआय मिळेल. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएने लॅबग्रोन हिऱ्यांना रंग आणि स्वच्छतेच्या जुन्या श्रेणी देणं थांबवलं आहे. आता 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड' एवढंच लिहितात.

दुकानाने स्वतःच्या नावाने छापलेलं सुंदर कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, ती दुकानाची हमी आहे. हमी असावी, पण ती अहवालाची जागा घेत नाही.

अहवालाचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून सगळे आकडे जुळतात का ते तिथेच, काउंटरवर उभं राहून तपासा. मग भिंग मागा. हिऱ्याच्या गर्डलवर बहुधा तोच क्रमांक लेझरने कोरलेला असतो. पहिल्यांदा तो सापडायला वेळ लागतो. भिंग डोळ्याला अगदी चिकटवा, हिरा चिमट्यात धरून भिंगाजवळ आणा आणि हळूहळू फिरवा. चांगला सराफ यात आनंदाने मदत करतो. टाळाटाळ होत असेल तर उठा.

८. दुकानाबाहेरचा उजेड

दागिन्यांच्या दुकानातले बारीक प्रखर दिवे हिऱ्यासाठीच लावलेले असतात. त्यांच्याखाली साधा हिराही ठिणग्या उडवतो. म्हणून विनंती करून हिरा दरवाजाजवळ न्या, जिथे थेट ऊन नाही पण दिवसाचा उजेड आहे. झाडाची सावली मिळाली तर फारच छान. तिथे हिरा हाताच्या अंतरावर धरून हलवा. चांगला गोल हिरा सावलीतही पांढरा, जिवंत दिसतो. काळे आणि पांढरे भाग आलटून पालटून हलतात. मंद कटाचा हिरा राखाडी होऊन गप्प बसतो.

दोन हिरे शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय करू नका. एकटा हिरा नेहमी सुंदरच दिसतो. आणि बघण्याआधी दोन्ही पुसायला सांगा. हिऱ्याला तेलाचं फार आकर्षण, बोटाचा स्पर्श झाला तरी त्यावर पातळ थर बसतो.

लक्ष्मी रोडवरच्या एका पेढीच्या पायरीवर, दुपारी साडेचारला, भाचीने ते दोन हिरे असे बघितले. आकडे तिने घरीच वाचले होते, पण निर्णय तिथे झाला. ०.५० चा हिरा मधे थोडा काळवंडत होता. तिने काही न बोलता ०.४७ चा हिरा होणाऱ्या नवऱ्याच्या हातावर ठेवला.

आजीच्या कुडीतला किंवा अंगठीतला जुना हिरा घरात असेल तर त्याचाही विचार करा. त्याला आजचे कोन नसतात, टेबल लहान आणि उंची जास्त असते, त्याची चमक संथ आणि मोठ्या ठिपक्यांची असते. मला ती फार आवडते. प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि आहे तसाच नव्या कोंदणात बसवा. एक्सलंट श्रेणीसाठी तो पुन्हा घासून घेऊ नका.

९. धातू आणि कोंदण

२२ कॅरटचं सोनं मऊ. त्याच्या पकडी वाकतात आणि हिरा सैल होतो. हिऱ्यासाठी १८ कॅरट, म्हणजे ७५ टक्के शुद्ध, हे योग्य. १४ कॅरट आणखी टणक आणि स्वस्त. व्हाइट गोल्डवर रोडियमचा मुलामा असतो, तो काही वर्षांनी पुन्हा चढवावा लागतो. हे आधी माहीत नसलं की अंगठी पिवळी पडली म्हणून लोक घाबरतात.

हिरा धरायला चार प्रॉंग की सहा? चार असले तर हिरा जास्त दिसतो, सहा असले तर एखादा तुटला तरी हिरा पडत नाही. सहा प्रॉंगने हिरा पट्टीच्या वर उचलून धरायची पद्धत टिफनीने १८८६ मध्ये आणली आणि आजही साखरपुड्याच्या अंगठीचं तेच रूप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. रोज घालणार असाल तर मात्र मी उंच कोंदण सुचवत नाही. ते शालूच्या जरीत अडकतं, केसांत अडकतं, लोकलच्या गर्दीत पर्सच्या बंदात अडकतं. परिचारिका, शिक्षिका, प्रयोगशाळेत किंवा स्वयंपाकघरात दिवसभर हात चालणारी कुणीही, त्यांच्यासाठी हिऱ्याला सगळीकडून सोन्याची कड असलेलं बुटकं कोंदण उत्तम. नवऱ्या मुलाच्या अंगठीलाही तेच शोभतं. कोंदण खालून उघडं ठेवा. बंद तळात मळ साचतो आणि हिऱ्याचं पोट पुन्हा कधी तपासता येत नाही.

१०. माप

माप संध्याकाळी घ्या. सकाळी आणि थंडीत बोट बारीक असतं. दोन-तीन वेळा मोजा. अंगठी सांध्यावरून किंचित अडखळत जावी आणि आत गेल्यावर गरगर फिरू नये. भारतीय मापात १२ नंबर म्हणजे आतला व्यास साधारण १६.५ मिलिमीटर. रुंद पट्टीची अंगठी असेल तर अर्धा-एक नंबर वाढवा. पूर्ण गोलाकार हिरे बसवलेली पट्टी पुढे लहान-मोठी करता येत नाही, साधी पट्टी करता येते.

११. बिल वाचणं

बिलावर या गोष्टी सुट्या लिहिलेल्या हव्यात: एकूण वजन, सोन्याचं निव्वळ वजन, सोन्याचा कॅरट आणि त्या दिवसाचा त्याच कॅरटचा भाव, मुख्य हिऱ्याचं वजन व अहवाल क्रमांक, बारीक हिऱ्यांची संख्या व वजन, घडणावळ, ३ टक्के जीएसटी.

एक हिशेब स्वतः करा. समजा अंगठीचं एकूण वजन ३.६२० ग्रॅम आहे. मुख्य हिरा ०.४७ कॅरट आणि बारीक हिरे ०.१० कॅरट, मिळून ०.५७ कॅरट. पाचाने भागलं की ०.११४ ग्रॅम. म्हणजे सोनं ३.५०६ ग्रॅम. बिलावर सोनं ३.६२० लावलं असेल तर हिऱ्याचं वजन तुम्हाला सोन्याच्या भावाने दुसऱ्यांदा विकलं गेलं. माझ्याच एका नातेवाइकाच्या बिलात हे निघालं होतं. दाखवल्यावर दुरुस्त झालं, पण दाखवावं लागलं. १८ कॅरटचा भाव २४ कॅरटच्या सुमारे ७५ टक्के असतो, तेवढंही ताडून बघा. आणि घडणावळ फक्त सोन्यावर लागते की हिऱ्याच्या किमतीवरही, ते विचारा.

हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता (१८ कॅरटला १८के७५०) आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. हा क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे अगदी नाजूक अंगठी असेल तर मुद्दाम मागून घ्या. २ लाख रुपयांच्या वर खरेदी गेली की पॅन लागतं, सोबत ठेवा.

परत देण्याच्या अटी तोंडी ऐकू नका. बदलून घेताना हिऱ्याचे किती टक्के मिळणार, रोख हवे असतील तर किती, ते आजच्या भावाने की खरेदीच्या भावाने, हे बिलावर किंवा सोबतच्या कागदावर लिहून घ्या. घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही, हे धरूनच चाला.

१२. घरी आल्यावर

कणिक मळताना अंगठी काढा. कणिक कोंदणाखाली जाऊन बसते, वाळते, आणि आठवड्याभरात हिरा निस्तेज होतो. फोडणीचं तेल आणि हाताला लावायचं क्रीम हेही तसंच. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून अंगठी दहा मिनिटं ठेवा आणि मऊ टूथब्रशने खालच्या बाजूने घासा, कारण चमक खालच्या भिंतींवरूनच परत येते. बेसिनवर नको, वाटीत धुवा. अंगठी इतर दागिन्यांपासून वेगळ्या डबीत ठेवा, हिरा सोन्यावर ओरखडे काढतो.

वर्षातून एकदा प्रॉंग तपासून घ्या. मधल्या काळात अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकी टिचकी मारा. खडखड ऐकू आली तर त्याच दिवशी घालणं थांबवा.

अंगठी साफसफाईला किंवा दुरुस्तीला देताना पावतीवर हिऱ्याचा अहवाल क्रमांक लिहून घ्या आणि मोबाइलवर वरून आणि बाजूने फोटो काढून ठेवा. परत घेताना भिंग मागा, गर्डलवरचा क्रमांक पुन्हा शोधा आणि तो पावतीवरच्या क्रमांकाशी जुळला की मगच सही करा.